सम्राटाची वही



गेल्या महिन्यात वरच्या गटातल्या एका मुलाने वर्गात विचारले, “‘स्टोइक’ला मराठीत काय म्हणतात?” त्याच्या शाळेत रोमचा इतिहास चालू होता, त्यात हा शब्द आला होता. आम्ही फळ्यावर उत्तरे मागवली. निर्विकार, थंड, स्थितप्रज्ञ, धीराचा, आणि मागच्या बाकावरून ‘दगड’! सगळे हसले. तेवढ्यात वेळ संपली, खाऊचे डबे उघडले आणि प्रश्न तसाच राहिला. पुढच्या अंकात उत्तर देऊ असे आम्ही कबूल केले होते. तेच आज देत आहोत.

आधीच सांगून टाकतो, आम्ही पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. कॉलेजात तत्त्वज्ञानाशी कधी संबंध आला नाही. पण या शब्दाशी आमची गाठ घरातच पडली. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत पहाटे तीन वाजता मिरजेहून फोन आला. आमचे वडील गेले. इथे बर्फामुळे विमाने बंद होती. आम्ही मिरजेला पोचलो तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता आणि सगळे आटोपले होते. परत आलो, दुसऱ्याच दिवशी कामावर हजर झालो. कोणासमोर रडलो नाही. तेव्हा आमची मुलगी म्हणाली, “बाबा, तू किती स्टोइक आहेस!” तिने ते कौतुकाने म्हटले होते, पण आम्हाला ते टोचले. आत काय चालले होते ते आमचे आम्हाला ठाऊक होते. मग तिच्याच शाळेच्या यादीतले एक पातळसे पुस्तक आम्ही वाचायला घेतले. ते होते रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस याचे.

जमिनीवर झोपणारा मुलगा

मार्कसचा जन्म २६ एप्रिल १२१ रोजी रोममध्ये झाला. घर मोठे होते. आईच्या मालकीचे विटांचे कारखाने होते. वडील मार्कस लहान असतानाच वारले, आणि आजोबांनी त्याला वाढवले. बाराव्या वर्षी त्याला तत्त्वज्ञानाची गोडी लागली, ती इतकी की तत्त्वज्ञ लोक वापरत तसा जाडाभरडा अंगरखा तो घालू लागला आणि जमिनीवर झोपू लागला. आईने खूप समजावल्यावर तो कसाबसा कातडी अंथरलेल्या पलंगावर झोपायला तयार झाला. आई कुठलीही असो, पोराने गार फरशीवर झोपावे हे तिला कसे आवडणार!

त्या वेळी हेड्रियन हा सम्राट होता. त्याला मूलबाळ नव्हते. मार्कसचे घराण्याचे नाव ‘वेरस’. त्याचा अर्थ ‘खरा’. हेड्रियन त्याला कौतुकाने ‘वेरिसिमस’, म्हणजे ‘सगळ्यांत खरा’ म्हणत असे. इ.स. १३८ मध्ये हेड्रियनने अँटोनायनस पायस याला दत्तक घेतले, पण एक अट घालून. अँटोनायनसने मार्कस आणि लुशियस या दोन मुलांना दत्तक घ्यायचे. म्हणजे सोळाव्या वर्षीच मार्कसचे पुढचे आयुष्य ठरून गेले. त्याला कोणी विचारलेही नाही.

पुढची तेवीस वर्षे तो अँटोनायनसच्या हाताखाली राज्यकारभार शिकला. वक्तृत्वाचे शिक्षक फ्रोंटो यांच्याशी त्याची इतकी माया होती की गुरुशिष्यांची पत्रे आजही वाचायला मिळतात. रस्टिकस नावाच्या दुसऱ्या गुरूने त्याला एपिक्टेटसच्या शिकवणुकीचे पुस्तक दिले. हा एपिक्टेटस जन्माने गुलाम होता आणि पायाने अधू. उद्याचा सम्राट एका गुलामाचा शिष्य झाला, हे लक्षात ठेवा.

संकटांची रांग

इ.स. १६१ मध्ये अँटोनायनस वारला आणि ३९ वर्षांचा मार्कस गादीवर आला. आल्याबरोबर त्याने एक वेगळीच गोष्ट केली. दत्तक भाऊ लुशियस याला बरोबरीचा सम्राट केले. रोमला एकाच वेळी समान अधिकाराचे दोन सम्राट पहिल्यांदाच मिळाले.

मग संकटांची रांगच लागली. टायबर नदीला महापूर आला आणि पाठोपाठ दुष्काळ. पूर्वेला पार्थियाशी युद्ध झाले. ते रोमने जिंकले, पण परतणाऱ्या सैन्याबरोबर साथीचा रोग आला. गेलन नावाच्या प्रसिद्ध वैद्याने त्याची लक्षणे लिहून ठेवली आहेत. त्यांवरून ती देवीची साथ असावी असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. साथ वर्षानुवर्षे रेंगाळली. उत्तरेला डॅन्यूब नदीपलीकडच्या टोळ्यांनी हल्ले केले. इ.स. १६९ मध्ये लुशियसही वारला. खजिना रिकामा झाला, तेव्हा मार्कसने नवा कर न बसवता राजवाड्यातली सोन्याची भांडी, स्फटिकाचे पेले, राणीची रेशमी वस्त्रे भर चौकात लिलावात काढली, असे जुन्या चरित्रात लिहिले आहे.

घरातले दुःख याहून मोठे होते. मार्कस आणि राणी फॉस्टिना यांना डझनाहून अधिक मुले झाली. त्यांतली निम्म्याहून अधिक त्याच्या डोळ्यांदेखत गेली.

स्टोइक म्हणजे कोण?

इ.स.पूर्व ३०० च्या सुमारास झेनो नावाचा सायप्रसचा एक माणूस अथेन्सला शिकवू लागला. तो मूळचा व्यापारी. जहाज फुटून सगळा माल गेला आणि तो तत्त्वज्ञानाकडे वळला, असे सांगतात. तो चित्रे काढलेल्या एका ओसरीत शिकवत असे. ग्रीक भाषेत ओसरीला ‘स्टोआ’ म्हणतात, म्हणून त्याचे शिष्य ते ‘स्टोइक’. मराठीत चक्क ‘ओसरीकर’ म्हणायला हरकत नाही!

त्यांच्या मते माणसाकडे चार गुण हवेत : शहाणपण, न्याय, धैर्य आणि संयम. बाकी पैसा, मान, तब्येत या गोष्टी मिळाल्या तर चांगल्या, पण त्यांवर माणसाची किंमत ठरत नाही. याच्या जोडीला एपिक्टेटसने एक सोपी फाळणी शिकवली. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. आपले मत, आपली इच्छा, आपले वागणे हे आपल्या हातात. शरीर, संपत्ती, लोक काय म्हणतील, हे पूर्णपणे आपल्या हातात नाही.

आमच्या कामातले उदाहरण देतो. प्रोग्रॅमला बाहेरून कसली माहिती येईल, ते आम्ही ठरवू शकत नाही. कोणी वयाच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहील, कोणी काहीच लिहिणार नाही. पण तसे आल्यावर प्रोग्रॅमने कोलमडायचे की नीट उत्तर द्यायचे, हे आम्हीच लिहितो. बाहेरच्याला दोष देऊन प्रोग्रॅम सुधारत नाही.

स्टोइक लोक तिरंदाजाचे उदाहरण देत. नेम नीट धरणे, प्रत्यंचा नीट ओढणे हे त्याचे काम. बाण सुटल्यावर वारा आला तर ते त्याच्या हातात नाही. म्हणून त्याने नीट नेम धरणे हेच ध्येय ठेवावे. मुलांनो, परीक्षेचा अभ्यास आणि परीक्षेचा निकाल यांनाही हे लागू पडते. पालकहो, आपल्यालाही!

वहीत काय आहे?

डॅन्यूबकाठच्या छावण्यांत मार्कस एका वहीत लिहीत असे. एका भागावर कार्नुंटम या ठिकाणाचे नाव आहे, ते आजच्या ऑस्ट्रियात येते. दुसरीकडे ग्रॅनुआ नदीचा उल्लेख आहे, ती आज स्लोव्हाकियात आहे. वही कोणी वाचावी म्हणून लिहिलेली नव्हती. तिचे बारा भाग आहेत आणि ती छापली गेली थेट १५५९ मध्ये. आपल्या मुलांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे मार्कसची मातृभाषा लॅटिन, पण ही वही त्याने ग्रीकमध्ये लिहिली. दोन भाषांत जगणारा माणूस आपल्या ओळखीचाच वाटतो.

पहिल्या भागात नुसते आभार आहेत. आजोबा, वडील, आई, पणजोबा, गुरुजन, अँटोनायनस : एकेकाचे नाव घेऊन त्याने कोणाकडून काय शिकलो ते लिहिले आहे. त्यात आजोबांचा शांत स्वभाव आहे आणि आईची साधी राहणीही आहे.

पुढे तो स्वतःशी बोलतो, आणि स्वतःला ‘तू’ म्हणतो. आपल्याकडे समर्थ रामदासांनी ‘मनाचे श्लोक’ लिहिताना मनालाच समोर बसवले. दोघांचा काळ वेगळा, देव वेगळे, पण मनाशी असे समोरासमोर बोलणे मराठी वाचकाला परके वाटणार नाही.

एका ठिकाणी सकाळी अंथरुणातून उठण्यावरून त्याचा स्वतःशीच वाद चालला आहे. पांघरूण उबदार आहे, उठवत नाही. मग तो स्वतःला विचारतो की चिमण्या, मुंग्या, कोळी, मधमाश्या आपापल्या कामाला लागतात, मग माणसाने माणसाचे काम का टाळावे? रविवारी सकाळी मराठीच्या वर्गाला यायला कंटाळा आला, तर एवढे आठवा. रोमच्या सम्राटालाही कंटाळा येत होता!

दुसरीकडे तो दिवसाची तयारी करतो. आज उद्धट, कृतघ्न, मत्सरी माणसे भेटणार हे धरूनच चालायचे. तीही आपल्यातलीच, चांगले-वाईट न कळल्यामुळे तशी वागतात. हात जसे एकमेकांच्या मदतीला असतात, तशी माणसेही एकमेकांसाठी आहेत.

हे नुसते लिहिण्यापुरते नव्हते. इ.स. १७५ मध्ये सीरियाचा सुभेदार कॅसियस याने बंड करून स्वतःला सम्राट म्हणवून घेतले. तीन महिन्यांत त्याच्याच माणसांनी त्याला मारून त्याचे शीर मार्कसकडे पाठवले. मार्कसने ते पाहायलाही नकार दिला आणि पुरायला सांगितले. क्षमा करायची संधी गेली याचे त्याला वाईट वाटले.

त्याचे कुठे चुकले?

कोणालाही देव्हाऱ्यात बसवण्याआधी हा प्रश्न विचारावा. मार्कसच्या राज्यात गुलामगिरी चालूच राहिली. इ.स. १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात ख्रिस्ती लोकांचे हाल करून त्यांना मारण्यात आले. त्याची कित्येक वर्षे लढाईत गेली. आणि त्याने गादी आपल्या मुलाला, कॉमोडसला दिली. तो लहरी आणि क्रूर निघाला, आणि इ.स. १९२ मध्ये त्याचा खून झाला. आपल्या मुलाचे पुढे काय होईल, हे सम्राटाच्याही हातात नव्हते. पण गादी कोणाला द्यायची ते होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मार्कस १७ मार्च १८० रोजी उत्तरेच्या मोहिमेवर असतानाच वारला. रोममधला त्याचा घोड्यावरचा पुतळा वाचला, कारण पुढच्या लोकांना तो कॉन्स्टंटाईन या ख्रिस्ती सम्राटाचा वाटला! इटलीच्या ५० सेंटच्या नाण्यावर तोच पुतळा आहे. आणि आपल्याशी धागा हवा असेल, तर मार्कस तिशीच्या आसपास असताना अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने लिहिलेल्या भूगोलाच्या ग्रंथात आपल्या पैठणचे नाव आहे.

मग मराठी शब्द कोणता?

आता मूळ प्रश्न. मार्कस लहान असताना त्याला सांभाळणारे एक शिक्षक वारले. तो रडू लागला. राजवाड्यातले नोकर त्याला आवरू लागले, भावी सम्राटाला हे शोभत नाही म्हणून. तेव्हा अँटोनायनसने त्यांना थांबवले. त्याला माणूस राहू द्या, तत्त्वज्ञान किंवा राज्यपद माणसाच्या भावना काढून घेत नाही, अशा अर्थाचे तो बोलला.

ही गोष्ट वाचली आणि आम्ही पुस्तक मिटले. वडील जाणे आमच्या हातात नव्हते. बर्फ तर नव्हताच. पण मुलीसमोर दगड होऊन बसणे, हे आमच्या हातातले होते आणि ते आम्ही चुकीचे केले होते. त्या रात्री तिला जवळ बसवून आजोबांच्या गोष्टी सांगितल्या. सायकलवर पुढे बसवून ते आम्हाला कृष्णाकाठी नेत, तिथपर्यंत आलो आणि पुढे बोलवेना. तीही रडली, आम्हीही रडलो. मग मार्कसप्रमाणे आम्ही दोघांनी एका वहीत लिहिले : आजोबांकडून काय शिकलो. पान भरले.

तेव्हा ‘दगड’ नाही आणि ‘निर्विकार’ही नाही. ‘स्थितप्रज्ञ’ जवळचा आहे, पण तो फार वरच्या पायरीवरचा. आमचे मत ‘धीराचा’ला. धीर धरणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. तरी तो आपले काम सोडत नाही, आणि आपली माणसेही सोडत नाही.

शब्दार्थ

ओसरी – घरापुढची छप्पर असलेली मोकळी जागा
प्रत्यंचा – धनुष्याची दोरी
सुभेदार – प्रांताचा कारभार पाहणारा अधिकारी
कृतघ्न – केलेले उपकार विसरणारा
देव्हाऱ्यात बसवणे – एखाद्याला देवासारखा, न चुकणारा मानणे

स्वाध्याय

१. कागदावर दोन रकाने आखा : ‘माझ्या हातात’ आणि ‘माझ्या हातात नाही’. या आठवड्यात त्रास झालेल्या पाच गोष्टी योग्य रकान्यात लिहा. एखादी गोष्ट दोन्हींकडे बसते का?

२. ‘मन घट्ट करणे’ आणि ‘मनाचा दगड करणे’ यांतला फरक आई-बाबांना विचारा. प्रत्येकाचे एक वाक्य करा.

३. मार्कसने कॉमोडसला गादी द्यायला हवी होती का? पाच ओळी लिहा. वर्गात दोन गट करून वाद घालू.

४. आजी-आजोबांना फोन करा. त्यांच्याकडून तुम्ही काय शिकलात ते त्यांना मराठीतून सांगा. चुकलात तरी चालेल. हा स्वाध्याय तपासला जाणार नाही, पण लवकर करा.