तजुर्बा करावा कसा?

आमच्या उर्दू शाळेत प्रयोगशाळेला ‘तजुर्बागाह’ म्हणत. घरी वडीलधाऱ्यांविषयी बोलताना ‘इन्हें तजुर्बा है’ असे म्हणत. प्रयोग आणि अनुभव, दोहोंना एकच शब्द! दुकानदारीत मात्र आम्ही पहिला अर्थ विसरलो आणि त्याची किंमत मोजली.

काही वर्षांपूर्वी तयार कुडते ठेवायचे ठरविले. चार नमुने नातेवाइकांना दाखविले. सर्वांनी वाहवा केली. (वाहवा करायला पैसे पडत नाहीत.) लगेच २८० रुपयांप्रमाणे ३०० नग शिवून घेतले. ८४ हजार गुंतले. वर्षाअखेर १७० नग कपाटातच! चूक कापडाची, मापाची की भावाची, हेही कळेना, कारण सगळेच एकदम नवीन केले होते. त्या वर्षी घरची दोन मोठी कामे पुढे ढकलावी लागली.

म्हणून पडद्याच्या कापडाचा विचार आला तेव्हा आधी वही उघडली. प्रश्न लिहिला : आपले ड्रेसच्या कापडाचे गिऱ्हाईक पडद्याचे कापड रोखीने घेईल का? चार रंग, प्रत्येकी २५ मीटर, मीटरला खरेदी १२० रुपये. म्हणजे १२ हजार. मुदत सहा आठवडे. ५० मीटर खपले नाही तर नवा माल भरायचा नाही. हे सर्व माल आणण्यापूर्वी लिहावे, व्यापारी बंधूंनो. नंतर मन सबबी शोधते.

ईदच्या आधीचे दिवस मुद्दाम टाळले. त्या दिवसांत घरोघरी पडदे बदलतात, तेव्हा खपले तर श्रेय सणाचे. उधारीही बंद ठेवली. उधारीवर माल गेला तर गिऱ्हाइकाला कापड हवे होते की सवलत, हे समजत नाही. बायका हात लावून परत गेल्या की ‘का नको?’ हे विचारून त्याच पानावर टिपत गेलो.

सहा आठवड्यांत ३८ मीटर खपले. अटीप्रमाणे खरेदी थांबविली. परंतु टिपणे वाचली तर बहुतेकींचे म्हणणे एकच : “शिवून द्याल का?” कापड नापसंत नव्हते, शिंप्याकडची खेप नको होती.

आता उरलेल्या ६२ मीटरपैकी २५ मीटरचे दाराच्या पडद्यांचे पाच जोड शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या भगिनीकडे दिले आहेत. रंग तेच, कापडाचा भाव तोच, फक्त शिलाई वाढविली. मुदत एक महिना. वहीचे दुसरे पान उघडले आहे.