भंगारात गेलेला कोबाल्ट

चारकोपला आमच्या घराजवळ एक भंगारवाला आहे. तिथे जुनी यंत्रं फोडताना पाहिली की मला दिल्लीचं मायापुरी आठवतं.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-60 असलेलं एक गॅमा विकिरण यंत्र होतं. 1985 पासून ते नुसतं पडून होतं. फेब्रुवारी 2010 मध्ये ते लिलावात विकलं गेलं आणि मायापुरीच्या भंगार बाजारात फोडलं गेलं. एप्रिलमध्ये एक कामगार दगावला, बाकीचे काही इस्पितळात होते.

आता गणित बघा. कोबाल्ट-60 चं अर्धायुष्य 5.27 वर्षं. म्हणजे 25 वर्षांत 1985 च्या क्रियाशीलतेच्या जेमतेम 4 टक्के उरली. तेवढीही जीव घ्यायला पुरली!

किरणोत्सारापासून बचावाचे तीन नियम आपण शिकतो : वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये आडोसा. अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथाई होते. माझ्या मते चौथा नियम नोंदीचा. कोणता स्रोत कुठे आहे, सर निवृत्त झाल्यावर ताबा कोणाकडे, हे वहीत हवंच. काम संपलं की स्रोत रीतसर परत करायचा, तोही अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीने. त्याचं कार्यालय आपल्याच मुंबईत, अणुशक्तिनगरला आहे.

पिवळ्यावर तीन पात्यांची खूण मी आमच्या भंगारवाल्याला काढून दाखवली. तो म्हणाला, "पंखा आहे ना?"

त्याला ओळखता येत नाही. आपल्याला येते. म्हणून प्रयोगशाळा आवरताना ती दिसली, तर हात न लावता आधी सरांना सांगा.