पॅरामोटर : उडण्याआधी पळायला शिका

प्रश्न : जुना पॅरामोटर स्वस्तात मिळतो आहे. व्हिडिओ पाहून आष्टीच्या माळरानावर शिकता येईल का? (एक वाचक, बीड जिल्हा)

उत्तर : नाही. पाठीवर २०-३० किलोचे इंजिन, त्यामागे गरगरणारा पंखा आणि डोक्यावर कापडी विंग. हा मेळ जमिनीवर जमल्याशिवाय केलेले उड्डाण जिवावर बेतू शकते.

प्रशिक्षण सुरू होते ते इंजिनाविना. मावळातल्या कामशेतला पॅराग्लायडिंग शिकवले जाते. अशा ठिकाणी विंग उचलणे, वाऱ्यावर तोलणे आणि खाली आणणे आधी मैदानातच घोटून घ्यावे.

उड्डाण वाऱ्याच्या दिशेला तोंड करूनच होते. त्याआधी मांडीचे पट्टे, हेल्मेट आणि दोऱ्यांतले गुंते तपासायचे. विंग सरळ डोक्यावर आल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल द्यायचा नाही. ती वाकडी झाली की इंजिन तत्काळ बंद. पाय सुटण्याआधीच हार्नेसमध्ये बसण्याची घाई नवख्यांना नडते. भार खाली येतो आणि पंखा जमिनीला घासतो.

बीडच्या उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या माळावरून गरम हवेचे झोत उठतात. त्यात विंग दुमडू शकते. विरळ हवेमुळे धावही लांबते. म्हणून नवख्याने सकाळी लवकर, वारा मंद असताना, विजेच्या तारांपासून दूर सराव करावा.

राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सांगितली आहे. संस्था निवडताना ही नोंदणी, प्रशिक्षकाचा अनुभव, विमा आणि राखीव पॅराशूट यांची विचारपूस करावी. स्वतंत्र उड्डाणासाठी स्थानिक पोलीस व जिल्हा प्रशासनाकडे परवानगीची चौकशी आधीच करावी.