नाव देईन, पण दुसरं

बर्मिंगहॅम
रविवार, दुपार

चि. सोनू यास,


काल रात्री फोनवर तू विचारलंस आणि मी "बघू" म्हणून फोन ठेवला. आपल्या घरात "बघू" म्हणजे नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. पण नुसतं नाही म्हणून तुला वाऱ्यावर सोडायचं नाही, म्हणून जेवण झाल्यावर लिहायला बसले. फोनवर तू मधेच "अगं आत्या, पण" म्हणतोस आणि माझं बोलणं राहून जातं. पत्रात तुला ती सोय नाही.

आधी शाबासकी. पहिल्याच खेपेला टेस्ट पास झालास. मी साताऱ्यात सहा वर्षं गाडी चालवून इथे आले होते, तरी दोनदा नापास झाले. पहिल्यांदा आरशात बघत नाही म्हणून, दुसऱ्यांदा राउंडअबाउटवर समोरच्याला हात करून "जा बाबा तू" म्हटलं म्हणून. हे तुझ्या बाबाला, माझ्या दादाला, अजून माहीत नाही, तूही सांगू नकोस.

तुझी चिडचिड मला कळते. बीएमडब्ल्यू १,९०० पाउंडांची आणि वर्षाचा विमा २,३४० चा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यात पुण्याची सवय. तिकडे विम्याचे काका दरवर्षी आरसी बुकाची झेरॉक्स घेऊन जातात, दादा चहा पाजतो, चेक देतो, झालं काम. गाडी कोण चालवणार हे कोणी विचारत नाही. तू अठराव्या वर्षी लायसन्स काढलंस आणि दुसऱ्या दिवशी कर्वे रोडवर गाडी घेऊन निघालास, पण त्यापायी हप्ता एका रुपयानेही वाढला नाही. तिकडे थर्ड पार्टीचा दर सरकार इंजिनाच्या सीसीवर ठरवतं. दादाच्या स्विफ्टसारख्या गाडीला २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे ३,४१६ रुपये, मग चालवणारा वीस वर्षांचा असो की सत्तरचा. थोडक्यात, तिकडे विमा गाडीचा असतो आणि इथे माणसाचा. दादाचा पन्नास टक्के नो क्लेम बोनस तुला इथे का चालत नाही, असं तू विचारलंस ना? तो दादाचा आहे, म्हणून.

इथे फॉर्म भरताना वय विचारतात, लायसन्स किती महिन्यांचं ते विचारतात, कोणत्या पोस्टकोडात राहतोस, गाडी रात्री रस्त्यावर असते की आवारात, काम काय करतोस, वर्षाला किती मैल चालवणार. या सगळ्या रकान्यांत तुझ्याबद्दल सांगण्यासारखं अजून काही नाही. तू कोरी पाटी आहेस आणि कोऱ्या पाटीचा भाव इथे सगळ्यात चढा. कंपनी तुला ओळखत नाही, त्यामुळे ती तुला तुझ्या वयाच्या सगळ्या पोरांमध्ये धरते. त्या पोरांचा हिशोब असा, की इथल्या लायसन्सवाल्यांमध्ये सतरा ते चोवीस वयाचे सहा-सात टक्केच आहेत, पण जीवघेण्या आणि गंभीर अपघातांतल्या साधारण पाचव्या हिश्शात त्यांच्यातला कोणीतरी चाकामागे असतो. पूर्वी मुलींना वेगळा, बराच कमी दर असे. २०११ साली युरोपच्या न्यायालयाने स्त्री-पुरुष भेद करून हप्ता लावायला मनाई केली आणि २१ डिसेंबर २०१२ पासून तो नियम लागू झाला. त्या महिन्यात आमच्या विमा कंपनीच्या ऑफिसात मुलींचे फोन चालले होते, एकविसाच्या आत पॉलिसी घेऊन टाकायला. मुलांचा एकही फोन आल्याचं मला आठवत नाही.

आता तू म्हणशील, एवढ्याशा डबड्याला ठोकून ठोकून किती ठोकणार? १,९०० ची गाडी, पूर्ण भंगारात गेली तरी १,९००. इथेच तुझा हिशोब चुकतोय. तुझ्या २,३४० मध्ये तुझ्या गाडीच्या पत्र्याचा वाटा थोडा आहे. अडीचशेच्या आसपास सरकारचा कर आहे, बारा टक्क्यांचा. राहिलेल्यात माणसांच्या हाडामांसाचा मोठा वाटा आहे.

तुला एका फाइलबद्दल सांगते. नाव-गाव सांगणार नाही, सांगायचं नसतं. एक मुलगा, तुझ्याहून एखाद वर्षाने लहान, लायसन्स पाच महिन्यांचं. रात्री साडेबाराला चार मित्रांना घरी सोडायला निघाला. दारू नव्हती. फोनवर बोलत नव्हता. ओला रस्ता, गावाबाहेरचं वळण, आणि मागच्या सीटवर हसणं-खिदळणं. वळणाला वेग पाच-दहा मैलांनी जास्त होता, तेवढंच. त्याला स्वतःला खरचटलं. मागे मधे बसलेल्या मुलाचा मणका गेला. इथे गाडीतले मित्रसुद्धा थर्ड पार्टी धरतात आणि इजेच्या भरपाईला कायद्याने वरची मर्यादाच नाही. मग घर बदलणं, दारं रुंद करणं, व्हीलचेअर, दिवस-रात्र दोन माणसं सेवेला, बुडालेली कमाई. कोर्ट अशा वेळी एकरकमी पैशांबरोबर दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायचा हुकूम करू शकतं, तो जखमी मुलगा जगेल तोवर. त्या फाइलवर मी चार वर्षं काम केलं. आता दरवर्षी ठरल्या तारखेला पैसे जातात की नाही, एवढंच बघायचं असतं. मी निवृत्त होईन तेव्हाही ती फाइल उघडी असेल. मुलगा तेवीस वर्षांचा आहे.

ते पैसे कुठून येतात? त्या चालवणाऱ्या पोराने पाच महिन्यांत भरलेल्या हप्त्यांतून नक्कीच नाही. तुझ्यासारख्या हजारोंच्या २,३४० मधून येतात. मला हा भाव न्याय्य वाटतो का? सगळा नाही. ज्या पोराला पहाटेच्या पाळीला जायला बस नाही आणि ज्याच्या बापाकडे पैसे नाहीत, त्याच्यावर हा दर अन्यायच आहे, आणि पोस्टकोडावरून दर ठरवणं मला कधी पटलं नाही. पण आकडा हवेतून काढलेला नाही, हे मी शपथेवर सांगेन.

आता तुझी मागणी. पॉलिसी माझ्या नावावर, मुख्य चालक मी, तू नुसता नेम्ड ड्रायव्हर, की हप्ता नऊशेवर येतो. तुझा रूममेट म्हणतो, सगळेच करतात. करतात, खरं आहे. याला इथे फ्रंटिंग म्हणतात आणि कायद्याच्या भाषेत ही फसवणूक आहे. काहीजण वर्षानुवर्षं निभावून नेतात, कारण क्लेम येईपर्यंत कोणी बघत नाही. क्लेम आला की मग बघणं, हेच तर माझं काम आहे! गाडी कव्हेंट्रीत तुझ्या घराखाली उभी, पार्किंगचा परवाना तुझ्या नावाचा, सर्व्हिसिंगचं बिल तू भरलेलं, अपघाताच्या जागी पोलिसाला तू सांगितलेलं "माय कार". आणि पॉलिसीवर तेवीस मैलांवर राहणारी आत्या, जिच्या दारात तिची स्वतःची जॅझ गाडी उभी. हे शोधायला शेरलॉक होम्स लागत नाही, आमच्याकडे नुकतीच लागलेली पोरगीही अर्ध्या तासात काढते.

पुढे काय होतं ते ऐक. जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल तर २०१२ च्या कायद्याने कंपनी पॉलिसी मुळापासून रद्द करू शकते आणि भरलेला हप्ताही ठेवून घेऊ शकते. तुझ्या गाडीचे पैसे विसर. समोरच्याला मात्र कंपनीला द्यावे लागतात, आणि मग ती ते आपल्याकडून वसूल करायला येते. वर सांगितलेल्या फाइलीचा खर्च डोळ्यांपुढे आण आणि "आपल्याकडून" हा शब्द पुन्हा वाच. एवढ्यावर थांबत नाही. इथून पुढे प्रत्येक विम्याच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो, तुमची पॉलिसी कधी कोणी रद्द केली आहे का? त्याला "हो" लिहावं लागलं, की तुझे आजचे २,३४० तुला स्वस्त वाटतील. आणि माझं म्हणशील तर, ज्या टेबलावर बसून मी लोकांची ही लबाडी पकडते, त्याच टेबलावर माझ्या नावाची फाइल येणार. वीस वर्षांची नोकरी मी भाच्याच्या चौदाशे पाउंडांसाठी पणाला लावणार नाही. राग येऊ दे.

आणखी एक धोका, जो तू बोलला नाहीस पण तुझ्या कॉलेजच्या ग्रुपवर नक्की फिरत असेल: कोणीतरी "भाई" व्हॉट्सअॅपवर निम्म्या भावात पॉलिसी काढून देतो. ते कागद बहुतेकदा बनावट असतात, किंवा खऱ्या कंपनीत तुझं वय, पत्ता खोटा घालून काढलेले. तू बिनविम्याचा ठरतोस. बिनविम्याचं चालवलं की जागेवरच ३०० पाउंड दंड आणि लायसन्सवर सहा पॉइंट, शिवाय पोलीस गाडी उचलून नेऊ शकतात. आणि पहिली टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की इथे लायसन्सच रद्द होतं, पुन्हा लर्नर, पुन्हा थिअरी, पुन्हा टेस्ट. म्हणजे एकाच खेपेत सगळं. कानाला खडा लाव.

मग करायचं काय? पहिलं, ती बीएमडब्ल्यू सोड. इथे गाड्यांचे १ ते ५० असे विम्याचे गट असतात, तुझी निवड पार वरच्या बाजूला आहे. एखादी जुनी आय-टेन किंवा टोयोटाची आयगो बघ. मुली हसतील असं वाटत असेल तर हसू दे, पाऊस पडत असताना त्याच मुली तुला लिफ्ट मागतील. रुंद चाकं, स्पॉयलर, काळ्या काचा यातलं काही लावलेली गाडी घेऊ नकोस, घेतलीस तर फॉर्मवर लिही.

दुसरं, ब्लॅक बॉक्स लावून घे. तू म्हणालास, "म्हणजे कोणीतरी सारखं बघणार." हो, बघणार. वेग, ब्रेक किती जोरात दाबलास, वळण कसं घेतलंस, रात्री किती वाजता बाहेर होतास. कोऱ्या पाटीवर काहीतरी चांगलं लिहून घ्यायची तुझ्याकडे हीच एक जागा आहे. अटी मात्र नीट वाच, काही पॉलिसींत रात्री उशिरा चालवण्यावर बंधन असतं आणि तुझी रेस्टॉरंटची पाळी अकराला सुटते.

"नुसता थर्ड पार्टी घेतो, स्वस्त पडेल" हे पुण्याचं गणित इथे चालत नाही. पुष्कळदा तो पूर्ण विम्यापेक्षा महाग निघतो, कारण वर्षानुवर्षं जास्त धोक्याचे चालक तोच घेत आले. दोन्हींचे कोट काढून बघ. एक्सेस, म्हणजे क्लेमच्या वेळी आपल्या खिशातून भरायची रक्कम, वाढवून हप्ता उतरवतोस तेव्हा आधीचा सक्तीचा एक्सेस मिळवून बेरीज कर. तेवढे पैसे एका दिवसात उभे करता येणार नसतील तर तो आकडा लिहू नकोस. आणि कोट आदल्या दिवशी काढू नकोस. तीन-साडेतीन आठवडे आधी काढलास तर तोच माणूस, तीच गाडी, पण भाव उतरतो. कंपन्या समजतात, हा पोरगा आधी विचार करणारा दिसतोय. महिन्याच्या हप्त्यांवर व्याज लागतं. ते पैसे दादाकडून एकदम उसने घे.

आता माझ्या नावाचं. पॉलिसी तुझ्या नावावर, मुख्य चालक तू, आणि मी दुसरी, नेम्ड ड्रायव्हर. माझं वय, माझी स्वच्छ पाटी, याने कधी कधी हप्ता खरंच उतरतो, आणि हे सरळ आहे, फक्त मी ती गाडी अधूनमधून चालवली पाहिजे. तर ती मी चालवेन. महिन्यातून एका रविवारी मी ट्रेनने कव्हेंट्रीला येणार, तुला शेजारी बसवून गावाबाहेर नेणार, ओल्या वळणावर गाडी कशी धरायची ते दाखवणार आणि नंतर तू मला जेवू घालणार. वर्ष असं बिनक्लेमचं गेलं, की एक वर्षाचा बोनस तुझ्या स्वतःच्या नावावर जमा. माझ्या पॉलिसीआड लपला असतास तर बहुतेक कंपन्यांत तो तुला मिळालाच नसता.

हे सगळं करूनही आकडा दीड हजाराच्या खाली आला नाही, तर उन्हाळ्यापर्यंत थांब. तुमच्या कव्हेंट्रीहून इथे ट्रेन तासाला कितीतरी आहेत, रेलकार्डावर तुला एक तृतीयांश सूट आहे, आणि बाजारहाटासाठी माझी जॅझ आहे, तिचा तुझ्यापुरता एका दिवसाचा विमा निघतो.

लहान गाडीचा कोट काढलास की आकडा मला पाठव, पण त्याआधी फॉर्ममध्ये काय काय भरलंस त्याचे फोटो पाठव. दादाला मी अजून काही बोलले नाही. उसने पैसे कशाला हवेत ते त्याला तूच सांग, आज रात्रीच सांग.

तुझी,
आत्या