बाळाच्या खाद्यातील जड धातू : दावे कारखान्यावर, शोध शेतापर्यंत

डबाबंद बालखाद्यात शिसे किंवा आर्सेनिक सापडले व पालक न्यायालयात गेले, ही बातमी वाचून हा विषय कारखानदारांचा आहे असे वाटणे साहजिक आहे. परंतु बालखाद्य म्हणजे मुख्यतः तांदूळ, गहू, गाजर, रताळी, पालक आणि फळे. कारखान्यात मालाची तपासणी होते तेव्हा धातूचा माग मागे सरकत शेताच्या मातीपर्यंत व विहिरीच्या पाण्यापर्यंत येतो. म्हणून या दाव्यांची माहिती आपणास असणे आवश्यक आहे.

शिसे, कॅडमियम, पारा आणि आर्सेनिक हे या गटातील मुख्य विषारी घटक होत. तान्हे मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त खाते, त्याच्या आतड्यातून शिसे जास्त प्रमाणात शोषले जाते आणि त्याच्या मेंदूची वाढ चालू असते. त्यामुळे मोठ्यांना चालणारी मर्यादा बाळाला चालत नाही.

न्यायालयात काय घडले?

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीने फेब्रुवारी २०२१ मध्ये बालखाद्यातील धातूंवर अहवाल प्रसिद्ध केला. भारतीय वंशाचे राजा कृष्णमूर्ती तिचे अध्यक्ष होते. काही कंपन्या कच्चा माल तपासत, पण तयार माल तपासत नसत, असे त्यात आढळले. त्यानंतर पालकांनी अनेक दावे लावले आणि एप्रिल २०२४ मध्ये ते कॅलिफोर्नियातील एका फेडरल न्यायालयात एकत्र आणण्यात आले. कॅलिफोर्निया राज्याने तर २०२४ पासून तयार बालखाद्याची दरमहा तपासणी आणि २०२५ पासून तिचे आकडे ग्राहकांसाठी उघड करणे सक्तीचे केले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये बाळाच्या तांदळाच्या खाद्यात असेंद्रिय आर्सेनिकची पातळी एक अब्ज भागांत १०० भाग ठरवली. जानेवारी २०२५ मध्ये बाळाच्या कोरड्या धान्यखाद्यात शिशाची पातळी अब्जात २० भाग ठरवली गेली. क्विंटलभर पिठात दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या काही कणांएवढे हे वजन होते.

आपल्याकडील गाजलेला खटला बालखाद्याचा नव्हता, पण शिशाचाच होता. मॅगी नूडल्समध्ये २.५ पीपीएम या मर्यादेपेक्षा जास्त शिसे असल्याचे सांगून केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ५ जून २०१५ रोजी विक्री बंद केली. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०१५ रोजी तो आदेश रद्द ठरवला. कंपनीचे म्हणणे ऐकून घेतले नव्हते आणि ज्या प्रयोगशाळांत नमुने तपासले त्यांना आवश्यक मान्यता नव्हती, ही कारणे त्यात महत्त्वाची होती. न्यायालयाने नव्याने नमुने तपासण्यास सांगितले व ते मर्यादेत निघाले. केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे सुमारे ६४० कोटी रुपयांचा दावा लावला होता, तोही एप्रिल २०२४ मध्ये फेटाळला गेला. नमुना कोणी, कसा घेतला आणि कोठे तपासला, यावरच असा दावा टिकतो किंवा पडतो.

कायदा शेतकऱ्यास कोठे गाठतो?

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याच्या कलम १८ नुसार शेतकरी, शेतीकाम, पीक आणि शेताच्या पातळीवरील उत्पादन यांना तो कायदा लागू होत नाही. धान पोत्यात भरून विकणारा शेतकरी या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. मात्र हेच धान दळून, पुडीत भरून, चिठ्ठी लावून विकले की विकणारा अन्न व्यावसायिक ठरतो. मग तो शेतकरी गट असो, उत्पादक कंपनी असो वा महिला बचत गट. कलम ६५ नुसार सदोष अन्नामुळे ग्राहकाचा मृत्यू झाल्यास किमान ५ लाख रुपये, गंभीर इजा झाल्यास ३ लाखांपर्यंत आणि इतर इजेसाठी १ लाखापर्यंत भरपाई द्यावी लागू शकते.

आपल्या भागातील पुष्कळ बचत गट तांदूळ व मूगडाळीची भरड, गव्हाचे सत्त्व तयार करतात. उद्योग चांगलाच आहे. परंतु पुडीवर 'सहा महिन्यांवरील बाळासाठी' असे छापताच माल बालखाद्याच्या कडक नियमांत जातो. १९९२ च्या बालखाद्यविषयक कायद्याने दोन वर्षांपर्यंतच्या बाळाच्या खाद्याची जाहिरात करण्यास बंदी आहे. गावच्या यात्रेतील फलकही जाहिरातच ठरतो, हे कित्येक गटांच्या ध्यानात येत नाही.

धातू शेतात येतात कोठून?

धानाचे उदाहरण पहा. बांधीत पाणी साचून राहिले की मातीतील हवा संपते, लोहाची संयुगे विरघळतात आणि त्यांना चिकटलेले आर्सेनिक मोकळे होते. धानाचे मूळ ज्या मार्गाने सिलिका घेते त्याच मार्गाने ते आत शिरते. दाण्यात ते कोंड्याकडे जास्त साठते. त्यामुळेच आंतरराष्ट्रीय कोडेक्स मर्यादा पांढऱ्या तांदळास किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, तर बिनसडीच्या तांदळास ०.३५ मिलिग्रॅम आहे. पौष्टिक म्हणून बाळाला बिनसडीचा तांदूळ देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. बांधी आलटून पालटून भिजवणे व सुकू देणे यामुळे आर्सेनिक घटते. परंतु आम्लधर्मी जमिनीत फार सुकवल्यास कॅडमियम वाढू शकते, म्हणून ही पद्धत सरसकट लागू करू नये. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, छत्तीसगडातील अंबागड चौकी भागात कौडीकसा येथे भूजलात नैसर्गिक आर्सेनिक आढळलेले आहे. सीमेलगतच्या गावांनी बोअरचे पाणी एकदा तपासून घ्यावे.

विदर्भाच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनी या बाबतीत भाग्याच्या. त्यांचा सामू बहुधा ७.५ च्या वर असल्याने शिसे व कॅडमियम मातीतच धरून ठेवले जाते. पण शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे दिल्यास ही धारणशक्तीही अपुरी पडू शकते. नाग नदीच्या पाण्यावर पालक, मेथी, मुळा घेणाऱ्यांनी याचा विचार करावा. पालेभाज्या व कंद यांत धातू दाण्यापेक्षा जास्त येतात. पानावरची धूळ धुतल्याने जाते, मुळातून आत गेलेले कॅडमियम जात नाही. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राच्या खसाळा राखतळ्याचा बांध फुटून राखेचे पाणी परिसरात पसरले होते. असे पाणी शेतात आले असल्यास माती तपासल्याखेरीज तेथे भाजीपाला घेऊ नये. शहरी कंपोस्ट घेताना विक्रेत्याकडून अहवाल मागावा. खत नियंत्रण आदेशानुसार त्यात किलोमागे शिसे १००, कॅडमियम ५ आणि आर्सेनिक १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे.

हळदीची गोष्ट निराळी आहे. तिच्यात शिसे जमिनीतून क्वचितच येते. ते येते पॉलिश करताना टाकलेल्या पिवळ्या रंगातून, म्हणजे लेड क्रोमेटमधून. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत ते सापडले होते. सरकारने धाडी घातल्या, दंड केले, तेव्हा २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अशा मालाचा नैसर्गिक रंगच विकावा; पॉलिशच्या ढोलात व्यापारी काही टाकण्यास सांगेल तर स्पष्ट नकार द्यावा.

तपासणी कशी करावी?

मृद आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात, पण शिसे, कॅडमियम व आर्सेनिक त्यांत नाहीत. ते वेगळे मागून घ्यावे लागतात. एनएबीएल मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडावी आणि तिची मान्यता नेमक्या या धातूंसाठी आहे काय, हे आधी विचारावे. नागमोडी चालत ८ ते १० जागी १५ सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन माती काढावी. जस्ती बादली, गंजलेले फावडे किंवा रंगाचा रिकामा डबा वापरू नये. प्लास्टिकचे घमेले व लाकडी काडी चालते. माती मिसळून, चार भाग करीत अर्धा किलोवर आणावी. धान्याच्या प्रत्येक खेपेचे दोन नमुने एकाच वेळी काढून, मोहोरबंद करून, त्यांवर तारीख, गट क्रमांक व दोघांच्या सह्या घ्याव्यात. एक खरेदीदारास द्यावा आणि दुसरा आपल्या घरी कोरड्या जागी ठेवावा. खरेदीदाराने माल धातूच्या कारणावरून परत पाठवला, तर त्याच्या अहवालाची प्रत मागून घरातील नमुना त्याच पद्धतीने दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा. पुढील पीक विकले जाईपर्यंत ही पिशवी फोडू नये.