लिनक्स उघडेना, तर डिस्क पुसू नका!

एकाच संगणकात विंडोज व लिनक्स नांदवणाऱ्या सभासदांसाठी हे टिपण. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज सुरक्षा अपडेटनंतर अनेक ठिकाणी लिनक्स सुरूच होईना. अशा संगणकांना ते लागू व्हायचे नव्हते म्हणे! ‘एसबॅट’ तपासणी फसल्याचा संदेश येई नि यंत्र बंद. उसाच्या नोंदी डिस्कवर शाबूत असतात. जुना बूटलोडर तेवढा दारात अडवलेला असतो.

बिटलॉकर असल्यास त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवावी, नाहीतर विंडोजही कुलपात जायचे. मग बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करून लिनक्स उघडावे. ‘सुडो मोकयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ ही आज्ञा (इंग्रजी अक्षरांत) देऊन पुन्हा लिनक्सच सुरू करावे. लिनक्सचे अपडेट घेऊन सिक्युअर बूट आठवणीने परत चालू करावे.