चालू धंदा विकत घेताना काय मिळतं, काय गळ्यात पडतं?

प्रश्न : आमच्या पेठेतली एक जुनी बेकरी विकायला आहे. मालक आता थकलेत, मुलं परगावी असतात. ते म्हणतात, "चालू धंदा देतो. भट्टी, नाव, गिऱ्हाईक, लायसन, जीएसटी नंबर, कामगार, सगळं जिथल्या तिथे. तुम्ही फक्त गल्ल्यावर बसायचं." जागा भाड्याची आहे. माझ्या तीन शंका आहेत. एका सहीत हे सगळं खरंच मिळतं का? त्यांची मागची देणी माझ्या माथी येतील का? आणि पैसे घेऊन त्यांनी पुढच्या चौकात दुसरी बेकरी काढली तर?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मालकांच्या मनात खोट नसेलही, पण त्यांनी सांगितलेलं सगळं त्यांना देता येणार नाही. बेकरी एकट्याच्या मालकीची असेल, तर कायद्याला दिसतो तो माणूस; बेकरीला त्याच्याहून वेगळं अस्तित्व नसतं. म्हणून तिचा एकेक भाग वेगळ्या वाटेने तुमच्याकडे येतो. काही भाग येतच नाहीत. देणी मात्र न मागता येऊ शकतात.

एका सहीत सगळं?

जीएसटी नंबर मिळणार नाही. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे, म्हणजे महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं मालकांच्या पॅनची. त्या नंबरावर तुम्ही बिलं फाडली तर विक्री त्यांच्या नावावर चढेल. तुम्हाला स्वतःची नोंदणी काढावी लागेल. मात्र धंदा चालू स्थितीत, देण्याघेण्यासकट सबंध विकला, तर त्या हस्तांतरावर जीएसटी लागत नाही आणि मालकांच्या खात्यातलं न वापरलेलं इनपुट क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्म भरून तुमच्याकडे वळवता येतं. त्याला सीएचा दाखला जोडावा लागतो.

अन्न परवाना तुमच्या नावाने काढून घ्या आणि तो हाती येईपर्यंत भट्टी पेटवू नका. दुकाने व आस्थापना कायद्याखाली वीसपेक्षा कमी कामगार असतील तर ऑनलाइन सूचना पुरते. वीस किंवा जास्त असतील तर नोंदणी लागते.

जागेचं काम सर्वांत नाजूक. भाडेकरूला आपला हक्क परस्पर दुसऱ्याला देता येत नाही, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम २६ सांगतं. जुनी पागडीची जागा असेल तर कलम ५६ प्रमाणे भाडेकरूला हक्क सोडण्याचा मोबदला घेता येतो आणि घरमालकाला संमतीचा. पण संमती लेखी हवी आणि नवा भाडेकरार नोंदवलेला हवा. जागा लीव्ह अँड लायसन्सवर असेल तर मालकांकडे विकण्यासारखा हक्कच नाही. घरमालकाशी तुम्ही नवा करार करायचा. घरमालकाला भेटल्याशिवाय बयाणा देऊ नका.

नाव विकता येतं, पण ते कुठपर्यंत विकलं हे कागदावर लिहावं लागतं. १९९३ मध्ये रमेश चौहान यांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा हे ब्रँड कोका-कोलाला विकले. पुढे २००८ मध्ये तुर्कस्तानात ‘माझा’ हे नाव नोंदवण्यावरून चौहान यांची बिसलेरी आणि कोका-कोला यांच्यात वाद झाला आणि तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. बेकरीच्या नावाचा ट्रेडमार्क नोंदलेला असेल तर त्याचं हस्तांतर रजिस्ट्रीत नोंदवून घ्या. नोंदलेला नसेल तरी पाटी, पाकिटावरचं चित्र, दुकानाचा फोन नंबर हे सगळं करारात नावानिशी लिहा.

मागची देणी कोणाची?

मैद्याच्या व्यापाऱ्याची उधारी मालकांचीच राहते, तुम्ही ती अंगावर घेतली नाही तर. सरकारी देण्यांचं तसं नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ८५ नुसार हस्तांतराच्या दिवसापर्यंतचा कर, व्याज आणि दंड यांना विकणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार असतात, मागणीची नोटीस नंतर निघाली तरीही. बेकरीला भविष्य निर्वाह निधी लागू असेल तर तिथल्या थकबाकीची झळ तुम्हाला मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीपर्यंत पोचते. विजेचंही विचारून घ्या. आधीच्या मालकाची थकबाकी नियमांच्या चौकटीत नव्या मालकाकडून मागता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल आहे.

मालकांवर आयकराची कारवाई चालू असेल तर विभागाची परवानगी आधी घ्यायला सांगा. नाहीतर त्या करापुरती ही विक्री रद्दबातल ठरू शकते. भट्टी किंवा मिक्सर बँकेकडे तारण असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र लागेल. कामगारांची नोकरी सलग धरली गेली, तर ग्रॅच्युइटी आणि नुकसानभरपाई मोजताना जुनी वर्षं तुमच्या खात्यावर येतात. तो आकडा काढून किमतीतून वजा करा.

बेकरी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असती तर चित्र उलटं असतं. तुम्ही शेअर घेतले असते आणि परवाने, जीएसटी नंबर, करार सगळं कंपनीकडेच राहिलं असतं. अर्थात जुन्या नोटिसा आणि खटलेही.

पुढच्या चौकातली बेकरी

भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २७ धंदा करण्यापासून रोखणारे करार निरर्थक ठरवतं. या कलमातला अपवाद गुडविलच्या विक्रीचा. गुडविल विकणाऱ्याला ठरावीक हद्दीत तसाच धंदा न करण्याचं बंधन घालता येतं. हद्द मात्र वाजवी हवी. त्यामुळे करारात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात : गुडविल विकली आहे, तिची किंमत इतकी, आणि हद्द अमुक पेठ किंवा सांगली शहर. सबंध महाराष्ट्र लिहिलंत तर बंधन टिकणं अवघड. तुम्ही तिथली बेकरी बंद केलीत तर बंधनही संपतं. शिवाय ते सही करणाऱ्यापुरतं असतं. खारी-नानकटाईची चव ज्याच्या हातात आहे त्या कारागिराने उद्या स्वतःचं दुकान काढलं, तर हा करार त्याला अडवणार नाही. त्याच्याशी आधी बोला, पगाराचं ठरवा.

व्यवहारात अर्धी रक्कम ‘वरची’ द्यायची पद्धत आहे, ती टाळा. एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा जास्त रोख घेणाऱ्याला आयकर कायद्याने तेवढाच दंड होऊ शकतो. तुमचं नुकसान निराळं : जी रक्कम कागदावर नाही ती वाद झाला तर परत मागता येत नाही आणि गुडविलची किंमत नाममात्र दिसते. त्यापेक्षा किमतीचा काही भाग वर्षभर रोखून धरा आणि जुनं देणं निघालं तर त्यातून वळतं होईल असं लिहून घ्या.

जीएसटीची विवरणपत्रं, भाडेकरार, निधीची चलनं आणि वीजबिलं दाखवायला मालकांनी टाळाटाळ केली, तर चालू धंद्याचा सौदा सोडा आणि फक्त भट्टी, यंत्रं तेवढी घ्या. त्यांची देणी तुमच्यामागे लागण्याचा धोका बराच कमी होईल. मात्र नाव मिळणार नाही, आणि पुढच्या चौकात त्यांनी दुकान थाटलं तर हरकतही घेता येणार नाही. तेव्हा किंमत लोखंडाचीच द्या, गुडविलची नको. कोणताही मसुदा सहीआधी वकील आणि सीए दोघांनाही दाखवा.